उंदरांनी कुरतडलेली रात्र

निगेटिव्हच्या तपासणी-अहवालात एकतिसाव्या ओळीवर असे लिहिले आहे : ‘काठ उंदरांनी कुरतडलेला, दोनशे चौदा ठिकाणी. सर्व जागी पट्टी लावून दुरुस्ती पूर्ण.’ अहवालाखाली माझी सही आहे, तारीख आहे, आणि ‘डॉ. ओफेलिया ब्राकामोन्तेस, संशोधन-प्रमुख’ असा शिक्काही आहे. मेक्सिको शहरातल्या चित्रसंग्रहात तेवीस वर्षे नोकरी करून मी जे काही शिकले, त्याचा हा सारांश मानायला हरकत नाही.

चित्रपटाचे नाव ‘चुन्यातली विधवा’. साल १९६३, लांबी एकोणऐंशी मिनिटे, चित्रीकरण अकरा दिवसांचे, जागा हिदाल्गो प्रांतातली एक चुन्याची खाण. सासरच्या माणसांनी जमिनीसाठी चुन्याच्या खड्ड्यात ढकललेली एक विधवा परत येते आणि त्या घराण्यातल्या पुरुषांचे रक्त एकेक करून पिते. तिला आवरायला कापितान सेनित नावाचा मुखवटेवाला पैलवान येतो. तो का येतो, हे चित्रपटाला ठाऊक नाही. पैलवानाला आठवड्यातून तीन दिवस आखाड्यात लढती असत. त्या दिवशी मुखवट्यात त्याचा धाकटा भाऊ उभा राही, आणि धाकटा भाऊ चार बोटे उंच होता. त्यामुळे कापितान सेनित दार उघडतो तेव्हा एका उंचीचा असतो आणि आत येतो तेव्हा दुसऱ्या. वटवाघूळ न्हाणीघरातल्या रबरी पायपुसण्यातून कापलेले आहे. शवपेटी एका दफनवाल्याकडून मागून आणली होती आणि ती रोज संध्याकाळी पाचला परत द्यावी लागे, कारण तिला खरे गिऱ्हाईक असे. म्हणून रात्रीचे चित्रीकरण अशक्य होते. सारा चित्रपट भर उन्हात घेतला गेला.

मी हे दोष म्हणून सांगत नाही. ज्यांना हे दोष वाटतात, त्यांच्याशी माझे जुने भांडण आहे. सत्तरच्या दशकात एका सरकारी समितीने असल्या तीनशे चित्रपटांच्या डब्यांवर ‘कलामूल्य नाही’ असा शिक्का मारला. समितीतल्या सातांपैकी पाच जणांनी डबे उघडलेसुद्धा नव्हते. हा झाला जुना तुच्छभाव. नवा तुच्छभाव अधिक सुखवस्तू आहे. तो शनिवारी बिअरचे कॅन घेऊन येतो, पायपुसण्याचे वटवाघूळ दिसले की टाळ्या पिटतो आणि या खिदळण्याला प्रेम म्हणतो. जुन्या लोकांनी चित्रपट न पाहता फेकला, नव्यांनी तो पाहूनही पाहिला नाही. दोघांच्याही ध्यानात आले नाही की विधवेचे काम करणारी बाई धगधगत्या भट्ट्यांशेजारून अनवाणी चालते आहे आणि चालताना एकदाही खाली पाहत नाही. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आहे, चुन्याची धूळ भिंगावर बसते आहे, ती पुसायला थांबण्याइतका फिल्मचा साठा नाही, आणि म्हणून ती धूळच हळूहळू धुके झाली आहे. ज्यांच्या हाताशी सर्व काही असते, त्यांना हे सुचत नाही.

या सगळ्यावर मी १९८८ साली एक निबंध लिहिला होता. ‘विधवेचे ऊन’ असे त्याचे नाव. चित्रपटाची पडद्यावर दाखवायची एकही प्रत उरलेली नव्हती; गावोगावच्या उवा-पिसवांच्या थिएटरांत फिरून त्या झिजून गेल्या होत्या. परदेशी दूरचित्रवाणीसाठी निगेटिव्हवरून काढलेली एक व्हिडिओ कॅसेट तेवढी मिळाली. तिच्यात विधवा भर दुपारी चालत होती. रक्तपिपासू मेलेली बाई, आणि तिच्या पायाशी काळी, आखूड, कापल्यासारखी सावली. मी मांडणी अशी केली : युरोपातले पिशाच्च उन्हाने जळते, कारण ते सरदार आहे आणि अंधार ही त्याची जहागीर आहे, आमची विधवा मजूर आहे आणि मजुराला रात्र परवडत नाही, म्हणून ती सूड दुपारीच घेते. पैलवानाचे नाव सेनित, म्हणजे सूर्याचे माथ्यावरचे ठिकाण, हा मी पुरावा म्हणून दिला. निबंध चार भाषांत गेला. माझी आजची खुर्ची त्या निबंधाच्या पायांवर उभी आहे.

निगेटिव्ह २०११ साली आमच्या तळघरात सापडले. ते स्वच्छ केले, संगणकात उतरवले, डाग काढले. पडद्यावर ऊन असे लखलखीत आले की पहिल्या रांगेतल्यांनी डोळे बारीक केले. पुनःप्रदर्शनाच्या नऊ दिवस आधी, गुरुवारी दुपारी, मी संग्रहाच्या छोट्या सभागृहात जाहीर व्याख्यान दिले आणि विधवेच्या चालण्याचा पन्नास सेकंदांचा प्रसंग दाखवला. निगेटिव्ह कोणत्या हालांतून वाचले हे सांगताना मी उंदरांचाही उल्लेख केला. दोनशे चौदा चावे, असे म्हणाले. लोक हसले.

शेवटच्या रांगेतला एक म्हातारा हसला नाही. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला आणि रात्र कुठे गेली, असे त्याने विचारले.

मी समजावून सांगितले की या चित्रपटात रात्र नाही आणि हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. मी मजुराचे आणि अंधाराचे प्रमेय थोडक्यात मांडले. बहुधा आवाज जरा खाली आणला असावा, वृद्धांशी आणतात तसा. त्याने सगळे ऐकून घेतले.

“नाही डॉक्टरबाई,” तो म्हणाला, “रात्र होती. शंभर जणांनी पाहिलीय. आणि ते उंदीर म्हणालात ना तुम्ही, तो उंदीर मी.”

सभागृह पुन्हा हसले. या वेळी कोणाला हसते आहे, हे मला नीट कळले नाही.

त्याचे नाव इपोलितो सिस्नेरोस. वय पंच्याहत्तर. एकेकाळी तो शहराच्या दक्षिणेकडच्या एका फिल्म-प्रयोगशाळेत छपाईला होता. आता त्या जागी मोटारींचे गॅरेज आहे. व्याख्यान संपल्यावर लोकांनी मला चहापानात अडकवून ठेवले आणि तो निघून गेला. जाताना दरवाजावरच्या बाईकडे पत्ता ठेवून गेला, शहरातल्याच इस्ताकाल्को वस्तीतला.

मी तळघरात गेले. आमची दुरुस्तीची तंत्रज्ञ नायेली हिने निगेटिव्हचे चौथे रीळ टेबलावर लावले आणि काठावरची एक पट्टी सोलली. खाली अर्धगोल खाच होती. दुसरी सोलली, तशीच खाच. तिसरी. भिंगातून पाहिल्यावर तिच्या कडा सुरीने कापलेल्या चिजासारख्या निर्मळ दिसत होत्या. प्रत्येक खाच दृश्य बदलण्याच्या ठरावीक अंतर आधी, एकाच बाजूला, एकाच मापाची.

“शिस्तीचे उंदीर होते,” नायेली म्हणाली. ती सव्वीस वर्षांची आहे आणि तिला नोकरी गमावण्याची भीती अजून शिकवली गेलेली नाही.

मी खुर्चीवर बसले. ग्रंथालयात छपाईयंत्रांवरची चार पुस्तके आहेत आणि ती चारही मी वाचली आहेत. खाच म्हणजे काय हे मला पाठ होते. पण पुस्तकातली खाच आणि डब्यातले भोक यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती, कारण या चित्रपटावर कोणी एवढी मेहनत घेतली असेल हे मला, त्याची कैवारी म्हणवणाऱ्या बाईला, सुचलेच नव्हते. उंदीर अधिक संभाव्य वाटले होते. त्या समितीतल्या पाच जणांहून मी फार लांब उभी नव्हते. मी डबा उघडला होता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी इस्ताकाल्कोला गेले. इपोलितोने दार उघडले, मला बसवले, बायकोला कॉफी टाकायला सांगितले आणि मी काही विचारण्याआधीच समजावू लागला, यंत्र समोर असल्यासारखे हात हलवत. निगेटिव्ह आणि कोरी फिल्म एकावर एक ठेवून यंत्रातून जातात. आत एक दिवा असतो, त्याच्या बावीस पायऱ्या. निगेटिव्हच्या काठावर खाच आली की एक बारीक चाक तिच्यात पडते, आणि दिवा कार्डावर लिहिलेल्या पुढच्या आकड्यावर जातो. कुठे बदलायचे ते खाच सांगते; किती, ते कार्ड. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असल्यामुळे, जितका जास्त उजेड सोडावा तितकी प्रत काळी होते.

“म्हणजे रात्र करायची तर उजेड वाढवायचा,” तो म्हणाला. “हे मी नाबोरला अठ्ठेचाळीस वर्षं सांगतोय. त्याला वाटतं मी फेकतो.”

नाबोर हा गल्लीतला न्हावी. इपोलितोच्या थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्यात तो धर्मपिता झाला, तेव्हापासून दोघे एकमेकांना भावासारखे आणि म्हणून एकमेकांना सतत टोचणारे. इपोलितोचे नाव चित्रपटात कुठेही नाही. छापणाऱ्यांची नावे कधीच नसत. पण गल्लीत सर्वांना माहीत होते की विधवेची रात्र सिस्नेरोसने केली, कारण त्याने ते सर्वांना सांगितले होते. मग गेल्या महिन्यात दूरचित्रवाणीवर आमची जाहिरात लागली. विधवा, चुना, लखलखीत दुपार. नाबोरने दाढीचा साबण तसाच ठेवून सर्व गिऱ्हाइकांसमोर विचारले होते की, काय रे, तुझ्या रात्रीला सुट्टी दिली का?

इपोलितोने हे हसत सांगितले. त्याची बायको हसली नाही. ती कॉफी ठेवताना मला म्हणाली की त्या दिवसापासून हा माणूस दाढी घरीच करतो आहे.

मग त्याने चालण्याचा प्रसंग सांगितला, आणि मी वही बंद केली. छायाचित्रकाराकडे लाल काच असायला हवी होती. ती लावली की दिवसाचे आकाश काळे येते. ती काच दुसऱ्याच दिवशी खाणीत पडून फुटली. निर्मात्याने निगेटिव्हचे डबे प्रयोगशाळेत आणून टाकले आणि म्हणाला की ही रात्र आहे, तशी करा. रात्रीची सगळी दृश्ये इपोलितोने दहाव्या-अकराव्या पायरीवरून अठराव्या-एकोणिसाव्यावर नेली. पांढरा चुना त्या जास्तीच्या उजेडात चांदण्यासारखा उरला, बाकी सगळे बुडाले. पण पन्नास सेकंदांचा तो एक सलग तुकडा वेगळा होता. त्याच्या आधीचे दृश्य संध्याकाळचे होते आणि नंतरचे मध्यरात्रीचे. दृश्याच्या मध्येच दिवा बदलला तर पडद्यावर झटका दिसतो, म्हणून कोणी तसे करत नसे. इपोलितोने तो तुकडा वीसेक वेळा पाहिला. विधवा भट्ट्यांच्या दगडी खांबांमागून जाते. सात खांब. दर खांबाशी ती पाऊण सेकंद झाकली जाते आणि पडदा जवळजवळ पूर्ण काळा होतो. त्याने सात खाचा मारल्या, दर खांबामागे एक. ती खांबाआड गेली की दिवा एक पायरी चढे. ती बाहेर येई तेव्हा जग थोडे अधिक काळोखलेले असे, आणि हे केव्हा घडले ते कोणालाही दिसलेले नसे.

“बघणाऱ्याला कधी झालं ते कळता कामा नये,” तो म्हणाला. “झालंय, एवढंच कळलं पाहिजे.”

मी अनेक थोर दिग्दर्शकांच्या मुलाखती वाचल्या आहेत. भयाविषयी इतके नेमके वाक्य त्यांतल्या कोणाला साधले होते असे मला आठवेना. सेनित या नावाविषयीही मी विचारले. पैलवानाच्या मेव्हण्याचे ‘सेनित’ नावाचे चपलांचे दुकान होते. मुखवटा त्याने शिवून दिला होता.

सोमवारी मी संचालकांकडे गेले. एवारिस्तो रुबाल्कावा माझा वर्गमित्र. तो मूर्ख नाही, ही त्याच्याशी भांडण्यातली मुख्य अडचण आहे. मी मागणी केली की निगेटिव्ह पुन्हा छापावे, या वेळी इपोलितोच्या दिव्यांनी. त्याने खाचांची छायाचित्रे पाहिली, मान डोलावली, आणि मग चित्रपटासोबत द्यायच्या पुस्तिकेची नमुना-प्रत माझ्यापुढे सरकवली. चोवीस पाने, त्यांतली आठ माझी. मुखपृष्ठावर भर दुपारची विधवा. तीन परदेशी महोत्सवांनी चित्रपट मागवला होता आणि तिघांच्याही पत्रांत ऊन हा शब्द होता.

“रात्रीच्या हडळी जगात पैशाला पासरी आहेत, ओफेलिया. उन्हातली एकच, आणि ती आपल्याकडे आहे. तूच शोधलीस.”

“मी शोधली नाही. आपण दिवा चुकीच्या पायरीवर लावला आणि मी त्यावर निबंध लिहिला.”

“मग काय झालं? करणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना कोण शिकवतं?”

मीच शिकवते. गेली पंधरा वर्षे, दर ऑगस्टमध्ये, उताऱ्यांसह. मी त्याला म्हणाले की इपोलितोच्या मनात काय होते हा प्रश्नच नाही. त्याने काय केले ते काठावर कापलेले आहे, आणि आम्ही त्यावर पट्ट्या चिकटवल्या आहेत. एखाद्या हस्तलिखितातले सगळे स्वल्पविराम माशीचे डाग समजून पुसून टाकायचे आणि मग कवीच्या दमछाकीचे कौतुक करायचे, तशातला हा प्रकार होता. एवारिस्तोने या उपमेला दाद दिली आणि नकार कायम ठेवला.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. पुनरुद्धार केलेली प्रत बाहेर पाठवताना ‘मूळ प्रदर्शित प्रतीशी जुळते’ अशा मजकुराचे पत्र लागते आणि त्यावर संशोधन-प्रमुखाची सही लागते. मी म्हणाले की सही करणार नाही, आणि निबंध मागे घेत असल्याचे चारही भाषांतल्या प्रकाशकांना कळवीन. आम्ही दोघे एकाच प्राध्यापकाच्या हाताखाली शिकलो आहोत. मी धमकी देते आहे की वेळापत्रक सांगते आहे, हे त्याला ओळखता येते.

शेवटी त्याने तोड काढली. शनिवारी दुपारी बारा वाजता, नेहमीच्या प्रेक्षकांसमोर, रात्रीची प्रत दाखवायची. चालण्याच्या प्रसंगाला लोक हसले, तर सोमवारी उन्हाची प्रत परदेशी जाईल आणि मी सही करीन. नाही हसले, तर रात्र जाईल.

“ते सगळ्यालाच हसतात,” मी म्हणाले.

“म्हणून तर,” एवारिस्तो म्हणाला.

इपोलितोला मी अट सांगितली तेव्हा त्याने फक्त विचारले की कामाला किती दिवस आहेत. मंगळवार ते गुरुवार, तीन दुपारी. तो तिन्ही दिवस त्याच पांढऱ्या शर्टात आला, नायेलीच्या शेजारी बसला आणि संगणकाच्या पडद्याकडे संशयाने पाहत राहिला. कार्ड प्रयोगशाळेबरोबरच गेले होते, आणि त्यावरचे दोनशे चौदा आकडे त्याला आठवत नव्हते. आठवतात असे त्याने भासवलेही नाही. पण दृश्य समोर आले की तो डोळे किंचित मिटे आणि म्हणे, सतरा. नाही, अठरा, इथे तिचा हात दिसला पाहिजे. नायेलीने बावीस पायऱ्यांची एक पट्टीच पडद्याच्या कडेला करून दिली होती. तो ‘पोरी, एक चढव’ म्हणे आणि ती चढवी. हळूहळू खाण बुडू लागली. मी वीस वर्षे ज्या आखूड सावलीवर लिहिले होते, ती काळोखात विरघळून गेली आणि तिच्या जागी पांढऱ्या जमिनीवरून एक पांढरा चेहरा तरंगत येऊ लागला.

गुरुवारी चालण्याचा प्रसंग आला. नायेलीने त्याला सांगितले की आता पायऱ्यांची गरज नाही. पन्नास सेकंदांत उजेड लोण्यासारखा उतरवता येईल, कुठेही टप्पा न दिसता. तिने करून दाखवले. रात्र खरोखरच एखाद्या पडद्यासारखी अलगद खाली आली.

मी ताबडतोब हरकत घेतली. मूळ यंत्रात असे होणे अशक्य होते. सात खाचा आहेत, सातच टप्पे हवेत. इपोलितोने माझ्याकडे लक्ष दिले नाही. त्याचा चेहरा खुलला होता. हे त्या वेळी मिळाले असते तर आठवडाभर झोप लागली असती, असे तो म्हणाला. त्याने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मी हरकत मागे घेतली. ज्याच्या कामासाठी मी लढत होते, त्यालाच ते अधिक चांगले करायचे होते, आणि खाचांची पूजा करण्याचा माझा हक्क त्याच्या हक्कापेक्षा मोठा असल्याचे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

चौथ्या वेळी त्याने हात वर केला.

“थांब पोरी. असं केलं तर मग ह्या खांबांचं काम काय?”

नायेलीने विचारले, म्हणजे?

“अगं, ती नुसती चालतेय आणि अंधार पडतोय. रोज पडतो तसा. माझ्याकडे ती खांबाआड जायची आणि तिकडून अंधार घेऊन यायची.” त्याने पडद्यावरच्या खांबाकडे बोट केले. “ती आणायची. पडत नव्हता.”

नायेलीने ती गुळगुळीत रात्र पुसली आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली.

शनिवारी सभागृह भरले होते. बिअर होती, मुखवटे घातलेले चार विद्यार्थी होते, मागच्या रांगेत एवारिस्तो होता. इपोलितो बायकोसह चौथ्या रांगेत बसला, आणि त्याच्या डाव्या हाताला नाबोर, केसांना तेल लावून, हातांची घडी घालून, पुरावा मागायला आल्यासारखा. मी त्यांच्या मागे बसले.

पहिली चाळीस मिनिटे लोक हसत राहिले. वटवाघूळ दोरीवर उलटे झाले तेव्हा टाळ्या पडल्या. कापितान सेनित दारातून आत येताना उंच झाला तेव्हा कोणी तरी ओरडून त्याच्या चपलांचा पत्ता विचारला, आणि त्या माणसाला आपण किती जवळ पोचलो आहोत हे कळले नाही. इपोलितोही हसत होता, अगदी मोकळेपणाने. वटवाघूळ भिकार होते आणि ते त्याने छापले होते. मला मात्र हसू येत नव्हते. हसण्याला लय असते, आणि ती लय आता त्या पन्नास सेकंदांच्या दिशेने धावत होती.

विधवा चुन्यातून वर आली. कोणी तरी शीळ घातली. ती चालू लागली. संध्याकाळचा करडा उजेड, गुडघ्याच्या उंचीवरचा कॅमेरा, अनवाणी पाय. पहिला खांब. दुसरा. मुखवटेवाल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने काही तरी विनोद केला आणि दोघे हसले. तिसरा खांब. पुन्हा तोच मुलगा बोलू लागला आणि वाक्याच्या मध्यावर थांबला, आपण काय म्हणणार होतो ते विसरल्यासारखा. चौथ्या खांबाआडून ती बाहेर आली तेव्हा आकाश नव्हते. पाचव्यानंतर भट्ट्या नव्हत्या. सभागृहात कोणी हलले नाही. कॅन खाली ठेवल्याचा एक बारीकसा आवाज आला, तेवढाच. त्यांनी काय पाहिले ते त्यांना सांगता आले नसते. सातव्या खांबाआडून फक्त चेहरा आला, पांढरा, आणि पायांखालचा चुना, आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीच नाही. ती थेट कॅमेऱ्यात पाहते. अठ्ठेचाळीस वर्षे ती भर उन्हात डोळे किलकिले करून पाहते आहे, असे मी समजत होते आणि त्या किलकिलेपणावर मी एक परिच्छेद लिहिला होता. आता दिसले की ती अंधारात कोणाला तरी शोधते आहे.

नाबोरने घडी घातलेले हात सोडले. तो मान न वळवता हळूच म्हणाला, “च्यायला, इपोलितो.”

इपोलितो पुढे झुकून पडद्याकडे पाहत होता आणि ओठांनी काही तरी मोजत होता.

दिवे लागल्यावर एवारिस्तो माझ्या रांगेशी आला. त्याने फक्त एवढे सांगितले की पुस्तिका थांबवायला तो सोमवारी छापखान्यात फोन करील, आणि नवा मजकूर चार पानांत बसला तर बरे. मी म्हणाले की चार पाने पुष्कळ झाली. दोन पानांवर खाचांची छायाचित्रे द्यावीत, आणि श्रेयनामावलीत एक ओळ वाढवावी : छपाई आणि रात्र, इपोलितो सिस्नेरोस. तो म्हणाला की असे कोणतेही पद अस्तित्वात नाही. मी म्हणाले की मला ठाऊक आहे.

सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर इपोलितो माझी वाट पाहत थांबला होता. बायको आणि नाबोर पुढे गेले होते आणि नाबोर कोणा अनोळखी जोडप्याला हातवारे करून सांगत होता की रात्र करायची तर उजेड वाढवावा लागतो. इपोलितोने मला विचारले की ती आधीची पुस्तिका, उन्हाची, रद्द होणार असेल तर तिची एक प्रत त्याला मिळेल का.

मी म्हणाले की त्यातला माझा निबंध संपूर्ण चुकीचा आहे.

“हो, वाचला मी. नातवानं काढून दिला होता,” तो म्हणाला. “चुकीचाच आहे. पण डॉक्टरबाई, तिच्या पायांवर तुम्ही दीड पान लिहिलंय. इतकं बारीक बघितलं कोणी ह्या पिक्चरकडे? आम्ही सोडून?”

मी पिशवीतून पुस्तिका काढून त्याला दिली. त्याने ती शर्टाचा घाम लागणार नाही अशी दूर धरली, मुखपृष्ठावरच्या उन्हाकडे क्षणभर पाहिले आणि मग आवाज खाली आणून, कोणी ऐकत नाही ना हे बघत, म्हणाला की सहावा खांब चुकला आहे, एक पायरी जास्त झाली आहे, सातव्यासाठी काही शिल्लक राहिले नाही. नायेलीला सोमवारी सकाळी जमेल का.

सोमवारी प्रत दुपारी तीनला जायची होती. आम्ही तिघे साडेआठला तळघरात बसलो आणि सहाव्या खांबामागचा दिवा एका पायरीने उतरवला.